एका सौम्य ज्ञानवंताचे स्मरण

२० मे २०२५ रोजी पुणे येथे डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे झोपेतच निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. विश्वाच्या रचनेविषयी आयुष्यभर विचार करणारा हा शास्त्रज्ञ साध्या माणसाच्या साध्या प्रश्नालाही तितक्याच आदराने उत्तर देत असे. अशा पुरुषाच्या निधनानंतर शासनाने मानवंदना दिली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. ते उचितच झाले. परंतु ज्या कार्यासाठी त्यांनी आपली कीर्ती खर्ची घातली, त्या कार्याचे आपल्या घरात काय झाले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तर आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. घरात मुलांसाठी भिंतीवर फळा होता. मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवीत, आणि भाच्याकडून ते सुटेपर्यंत पुसत नसत. त्याच फळ्यावरून हा मुलगा केंब्रिजला पोहोचला, रँग्लर झाला, आणि १९६४ साली आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह त्याने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. कोणत्याही वस्तूच्या अंगी जे जडत्व असते ते विश्वातील इतर सर्व वस्तूंच्या अस्तित्वामुळे येते, हा त्या सिद्धांताचा गाभा होय. १९६५ साली, वयाची सत्तावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. फळ्याची दुसरी एक हकीकत आमच्या वाचकांना पाठ आहे. बाबासाहेब शाळेत गणित सोडविण्यास फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील या भीतीने वर्गातील मुले ते उचलण्यास धावली. एका मुलाच्या घरी फळा त्याची वाट पाहत होता. दुसऱ्यास फळ्याजवळ जाण्याचीच चोरी होती. हा भेद विसरून केलेली स्तुती अपुरी ठरेल. तथापि आपल्या वाट्यास आलेल्या ज्ञानाचे माणूस पुढे काय करतो, यावरूनही त्याची परीक्षा करावी लागते, आणि या परीक्षेत नारळीकर उतरले असे आमचे मत आहे.

१९७२ साली ते परदेशातील मान सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था त्यांनी उभी केली. देशातील विद्यापीठांत शिकविणाऱ्या व शिकणाऱ्या मंडळींना, ज्यांच्या गावी ना दुर्बीण ना ग्रंथालय, तेथे येऊन संशोधन करता यावे, हा त्या संस्थेचा हेतू. शाळकरी मुलांसाठीही तिचे दार उघडे राहिले. एखादे मूल स्वाक्षरी मागू लागले की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली माझी सही येईल. मुलाने मोठ्या माणसाच्या सहीपेक्षा स्वतःच्या प्रश्नाला मोल द्यावे, ही शिकवण त्यांनी एका पोस्टकार्डात बसविली.

त्यांच्या विनयाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली. नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत, म्हणून ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. नाव पुढे होताच ज्यांचे गुण मागे सारले जातात, त्यांना या कृतीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. कृती पाहा, कर्त्याचे नाव पाहू नका, हा न्याय त्यांनी प्रथम स्वतःस लावून घेतला.

हाच न्याय त्यांनी मतभेदालाही लावला. विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली हे मत जगातील बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले. नारळीकर अखेरपर्यंत अल्पमतात राहिले. परंतु त्यांच्याच संस्थेत महास्फोटाचा सिद्धांत मानणारे संशोधक मानाने काम करीत होते. ते कधी कोणावर रागावले नाहीत आणि स्वतःचे मतही त्यांनी सोडले नाही. मत ठाम असावे आणि मन मोकळे असावे, हे जमणे फार कठीण असते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. २००८ साली नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहिलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि विशेष शाळांत शिकणाऱ्या शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची हे गुप्त ठेवले. चाचणीत भाग घेणाऱ्या ज्योतिषांस प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन एवढेच विचारले की, यांतील हुशार मुले कोणती व मतिमंद कोणती ते सांगा. सत्तावीस जणांची उत्तरे आली. त्यांतील सरासरी शेकडा ४६ उत्तरे बरोबर निघाली. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची उत्तरे शेकडा ५१ बरोबर आली. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी शेकडा ५० बरोबर आलीच असती! या चाचणीत कोणाची टवाळी नव्हती, कोणास शिवीगाळ नव्हती. तुमचे शास्त्र खरे असेल तर दाखवा, एवढेच सभ्य आवाहन होते. ज्या दाभोलकरांनी या कामी त्यांना साथ दिली, त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. सभ्य प्रश्नाचीही किंमत या देशात कधी कधी प्राणांनी द्यावी लागते.

बंधुभगिनींनो, ही हकीकत आपणांस का सांगावी? कारण देव्हारा गेला तरी पत्रिका अद्याप काही घरांतून गेलेली नाही. मुलीला मंगळ आहे म्हणून स्थळ परत जाते. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या लेकराकडे भयाने पाहिले जाते. विवाहाचा विधी बौद्ध पद्धतीने होतो आणि त्याआधी कोणी गुपचूप छत्तीस गुण जुळवून आणतो. त्या छत्तीस गुणांचा पहिला खण कोणता, हे आपण कधी विचारले आहे काय? तो खण 'वर्ण' हा आहे. चंद्र ज्या राशीत असेल त्यावरून माणसाला ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य किंवा शूद्र ठरवावयाचे, आणि वधूपेक्षा वराचा वर्ण खालचा असू नये हे पाहावयाचे! जो वर्ण आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो, त्यालाच एका कागदाच्या घडीतून घरात परत घ्यावयाचे, याहून मोठी आत्मवंचना कोणती? ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे हे भिक्षूस वर्ज्य आहे, असे दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात तथागतांनी सांगितले आहे. कालामांनाही त्यांनी हाच मार्ग दाखविला: ऐकीव आहे, परंपरेचे आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. नारळीकरांनी आधुनिक शास्त्राच्या मार्गाने तीच पारख करून दाखविली.

तेव्हा त्यांच्या तसबिरीला हार घालण्याने हे स्मरण पुरे होणार नाही. पत्रिका करण्यासाठी जे पैसे जातात, त्यांतून प्रत्येक घरात भिंतीवर एक फळा लावावा. आठवड्यातून एकदा त्यावर आईने, बापाने किंवा थोरल्या भावंडाने एक प्रश्न लिहावा आणि उत्तर सापडेपर्यंत तो पुसू नये. ज्यास अक्षरओळख नाही त्याने प्रश्न तोंडी सांगावा, मुलाने लिहावा. कोणास ठाऊक, त्यांतील एखादे मूल उद्या आकाशातील ताऱ्यांचे वजन करील. ताऱ्यांनी आपले नशीब ठरवावे म्हणून हात जोडून बसण्याची वेळ तरी त्याच्यावर येणार नाही.

डॉ. नारळीकरांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.