एका किड्यासाठी?

"एका किड्यासाठी रेल्वे अडवली म्हणे!" पर्यावरणवाद्यांची टिंगल करायची असली की हे वाक्य हमखास येतं. किस्सा जर्मनीतल्या स्टुटगार्टचा. तिथलं रेल्वे स्थानक जमिनीखाली न्यायचं ठरलं आणि श्लॉसगार्टन बागेतली जुनी झाडं आड आली. त्यांच्या ढोल्यांत एक भुंगेरा राहतो.

त्याचं नाव ऑस्मोडर्मा एरेमिटा. एरेमिटा म्हणजे एकांतवासी. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, नराला पिकल्या पीचसारखा वास. अळी ढोलीतल्या कुजक्या भुशात तीन-चार वर्षं काढते. बरेचसे भुंगेरे जन्मले त्याच झाडात मरतात, उडाले तरी बहुधा काहीशे मीटरच. जवळ दुसरं पोकळ झाड नसेल तर तिथला वंश संपला. म्हणूनच युरोपात १९९२ च्या अधिवास कायद्याने त्याला कडक संरक्षण दिलं.

३० सप्टेंबर २०१० रोजी झाडं वाचवायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे मारले. शंभरावर माणसं जखमी झाली. मध्यरात्रीनंतर झाडं पडू लागली. २०१५ मध्ये न्यायालयाने ती पोलीस कारवाई बेकायदेशीर ठरवली. पण झाडं गेली ती गेलीच.

आता हसणाऱ्यांना माझा प्रश्न. २००९ च्या करारात या प्रकल्पासाठी साडेचार अब्ज युरो धरले होते. पुढे आकडा ११ अब्जांच्या वर गेला. मधले पैसे काय भुंगेऱ्याने खाल्ले?

दुसरं लाडकं उत्तर, "एक तोडलं तर दहा लावू." ओकच्या झाडाला अशी ढोली पडायला दीडशे-दोनशे वर्षं लागतात. दहा रोपांत मिळून एक तरी ढोली असते का? हा हिशोब चौथीतला मुलगाही चुकवणार नाही.

मी मात्र चुकवला. शाळेच्या आवारातला पोकळ आंबा "वाळका, निरुपयोगी" असा शेरा मारून तोडायच्या कागदावर मीच सही केली, आणि त्याच पावसाळ्यात मुलांकडून वीस रोपं लावून घेतली. वृक्षारोपणावर भाषणही ठोकलं. त्या ढोलीत कोण राहत होतं, हे तोडण्याआधी डोकावून पाहायचं मला सुचलं नाही.

तेव्हा टिंगल करताना जरा जपून. स्टुटगार्टच्या लोकांनी निदान आधी ढोलीत पाहिलं होतं.