वावर विकून एमबीए?

प्रवेशाचे दिवस आले की नागपुरात चौकाचौकांत फलक लागतात, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. मग काटोल, उमरेड, हिंगणघाटच्या घरांत चर्चा सुरू होते. पोरगी बीकॉम झाली, आता पुढे काय? कुणी म्हणतं, आयआयएम मिळालं तरच करावं, नाहीतर पैसा पाण्यात. कुणी म्हणतं, कुठूनही करा, नावापुढे एमबीए लागल्याशी मतलब. मला ही दोन्ही मतं पटत नाहीत.

नागपुरात २०१५ मध्ये आयआयएम सुरू झालं. चांगलंच झालं. पण तिथे देशभरातली मुलं 'कॅट' देऊन येतात. आपल्या बहुतेक मुलींसमोर प्रश्न असतो तो फारसं नाव नसलेल्या कॉलेजचा.

मैत्रिणींनो, कॉलेज लहान म्हणून वाईट नसतं. मात्र आधी मान्यता बघा. पानपानभर जाहिराती देणाऱ्या आयआयपीएमला २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एमबीए, बीबीए असे शब्द वापरायला मनाई केली. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नागपूरच्या पत्त्याचंही नाव आलेलं आहे. एमबीएची पदवी विद्यापीठ देतं, पीजीडीएम ही संस्थेची पदविका असते. आपली मुलगी नेमकं काय घेणार, हे स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट पैशाची. सीईटी देऊन सरकारी फेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून, प्रवेश घ्या. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. केवळ माहिती नसल्यामुळे कितीतरी घरं लाखो रुपये भरायला तयार होतात.

आणि प्लेसमेंटचा फलक वाचून भुलू नका. मागच्या दोन वर्षांच्या मुलींशी बोला. कंपनी कोणती, काम काय, हातात पगार किती? शैक्षणिक कर्जाचे हप्ते उशिरा सुरू होतात, व्याज मात्र आधीपासूनच चढत असतं.

माझं मत सरळ आहे. मान्यताप्राप्त कॉलेज, कॅपमधला प्रवेश आणि घरून एसटीने जाणं-येणं जमत असेल तर जरूर करू द्या. वावर विकून कोट्याची सीट घ्यायची असेल तर थांबा. मुलीला दोन वर्षं नोकरी करू द्या, मग बघा.

एक मात्र खटकतं. मुलाच्या पुण्यातल्या कॉलेजसाठी वावर विकताना हे प्रश्न कुणी विचारत नाही. मुलीच्या वेळी "शेवटी लग्नच करायचं आहे" असं म्हणतात, नाहीतर बायोडाटात शोभतं म्हणून डिग्री घ्यायला लावतात. हिशेब करायचाच तर दोघांचाही सारखाच करा, आणि तो करताना मुलीलाही जवळ बसवा. दोन वर्षं तिची जाणार आहेत.