गाव खंय गेलो?

मुलांनो, काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल जुन्या गोव्याला गेली होती. ठिकाणांची यादी मीच केली होती. एका दिवसात अकरा ठिकाणं! प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. शिट्टी वाजली की रांग, रांग झाली की गाडीत. दुपारी तीनपर्यंत निम्मी मुलं पायऱ्यांवर पेंगायला लागली होती, दोघांना उलट्या झाल्या होत्या आणि माझा आवाज बसला होता. परतीच्या गाडीत चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, चर्चां बघली, पण गाव खंय गेलो?"

मी त्याला जागेवर बसायला सांगितलं. खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं.

प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. जुनं गोवं हे आधी विजापूरच्या आदिलशहाचं बंदर. १५१० मध्ये अल्बुकर्कने ते जिंकलं आणि पुढे ती पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी झाली. अरबस्तानचे घोडे, चीनचं रेशीम, मलबारची मिरी, सगळं इथे उतरायचं. आज बघाल तर मोठमोठी चर्चं, हिरवळ आणि माड. मग माणसं राहत होती कुठे? दुकानं कुठे होती?

पुढच्या वर्षी मी ती यादी फाडून टाकली आणि तीनच गोष्टी ठेवल्या: नदी, एक रस्ता आणि एक पडका मनोरा. आईबाबांबरोबर जाणार असाल तर तुम्हीही असंच करा. आमच्या शिरोड्याहून पहाटेची गाडी धरली, म्हापसा आणि पणजीला गाडी बदलली, की उन्हं चढायच्या आत पोचता येतं. (गोव्यात फोंड्याच्या बाजूलाही एक शिरोडा आहे. परतताना 'शिरोडा, शिरोडा' ओरडत भलत्याच गाडीत चढू नका!) नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मात्र ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं, तेव्हा पाय ठेवायलाही जागा नसते.

आधी नदी. तिथल्या धक्क्यावरून दिवाडी बेटाला फेरीबोट जाते. पलीकडे जायचं, थोडं बसायचं आणि परत यायचं. परतताना बोटीत पुढे उभे राहा. जुन्या काळी शहरात येणारा माणूस असाच मांडवीतून यायचा. धक्क्यावरून थोडं वर गेलं की व्हाइसरॉयची कमान लागते. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. वास्को द गामाच्या पणतूने ती बांधवली. नंतर ती पडली आणि १९५४ मध्ये पुन्हा उभारली.

कमानीतून जो रस्ता निघतो तो 'रुआ दिरैता', म्हणजे सरळ रस्ता. शहराचा मुख्य बाजार इथे भरायचा. लिन्सखोटेन नावाचा एक डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला आणि काही वर्षं राहिला. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये निघालं, त्यात या बाजाराचं चित्र आहे. मी त्याची प्रत काढून नेली होती. रस्त्याच्या कडेला बसून मुलं चित्रातली पालखी, घोडे, छत्री धरणारे नोकर शोधत होती. एका मुलीने विचारलं, "बाई, ह्यांका कित्याक उभे केल्यांनी?" या बाजारात माणसांचाही लिलाव व्हायचा. मी ते लपवलं नाही. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. त्या अर्ध्या तासाला घाई केली असती तर तो प्रश्न आलाच नसता.

मग डबे सोडले. घावणे, चटणी आणि भरपूर पाणी. डबा खाल्ल्यावर चक्क अर्धा तास झाडाखाली आडवं व्हायचं, हेही मी वेळापत्रकात लिहिलं होतं!

शेवटी टेकडीवरचं सेंट ऑगस्टीन. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून झालेलं हे चर्च. त्याचा मनोरा ४६ मीटर उंच, आज त्याचा अर्धाच भाग उभा आहे. १८३५ मध्ये सरकारने मठ बंद केले, माणसं गेली. १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत अर्ध्या मनोऱ्यासकट खाली आली. असं का झालं? तिथल्या भिंतीला हात लावून बघा. जांभा! आपल्या घराचे चिरे असतात तोच दगड. आपण पावसाआधी कौलं परततो, भिंतींना झडी बांधतो. तिथे हे करायला कोणी उरलं नाही, आणि कोकणातला पाऊस कोणासाठी थांबत नाही.

याच अवशेषांत जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. १६२४ मध्ये इराणात तिला ठार मारलं गेलं आणि इथल्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या होत्या. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला सन्मानाने दिल्या.

आणि गाव? तापाच्या, पटकीच्या साथी वरचेवर येत राहिल्या. नदीत गाळ साठला. डचांनी व्यापार ओढून नेला. माणसं एकेक करून निघाली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयही पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. जुने वाडे पाडून त्यांचे दगड पणजीच्या बांधकामाला नेले. ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटाही गेली. ती १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे.

परवा बाजारात तो मुलगा भेटला. आता हायस्कुलात जातो, माझ्यापेक्षा उंच झालाय. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं बघ. गाव पणजीक गेलो."

तो हसला. मग जरा विचार करून म्हणाला, "मगे बाई, ती घांट बघूक जावया?"

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. त्या दिवशी फक्त घंटा बघायची, दुसरं काही नाही.