रिकार्डोच्या गणिताबाहेर राहिलेला तह

एखादी वस्तू इतरांपेक्षा कमी श्रमांत निर्माण करण्याची देशाची क्षमता म्हणजे निरपेक्ष लाभ. ॲडम स्मिथने 1776 मध्ये या लाभाच्या आधारे केलेले व्यापाराचे समर्थन अपुरे आहे, हे डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये अवघ्या चार संख्यांनी दाखविले. ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये 100 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात व ठरावीक वाइनसाठी 120 माणसांचे, तर पोर्तुगालमध्ये तेच कापड 90 आणि तीच वाइन 80 माणसांच्या श्रमांत होते, असे त्याने कल्पिले. दोन्ही वस्तूंत सरस असूनही पोर्तुगालने वाइनच करावी, कारण तिच्या मोबदल्यात त्याला 90 माणसांच्या श्रमांचे कापड मिळते आणि इंग्लंडचेही 20 माणसांचे श्रम वाचतात. एका वस्तूसाठी दुसरीचा किती त्याग करावा लागतो यावर ठरणारी ही सरशी म्हणजे तुलनात्मक लाभ होय.

गणित बिनचूक आहे. परंतु पोर्तुगालची वाइन आणि इंग्लंडचे कापड ही जोडी श्रमांच्या हिशेबाने जमली नव्हती. 1703 च्या मेथुएन तहान्वये पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडाला बाजारपेठ खुली केली आणि इंग्लंडने पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घेण्याचे मान्य केले. ही सवलत फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या काळातली होती, आणि आयातीची जी किंमत वाइनने भागत नसे ती गुलामांच्या श्रमांतून निघालेल्या ब्राझीलच्या सोन्याने भागविली जाई.

भांडवल देशाची सीमा सहजी ओलांडत नाही, या गृहीतकावर सारा सिद्धान्त उभा आहे, आणि तसे नसते तर दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्येच करणे हिताचे ठरले असते, हे रिकार्डोने स्वतःच प्रांजळपणे नोंदविले. इंग्रज व्यापारी मात्र पोर्तुगालमधील पोर्तो येथे ठाण मांडून वाइनच्या व्यापारात पैसा गुंतवीत होते. भांडवल अचल नव्हते; ते वाइनकडे गेले, कापडाकडे नाही. पाठ्यपुस्तके नेमका हाच भाग वगळतात.

उष्ण प्रदेशांनी कच्चा माल पुरवावा आणि समशीतोष्ण प्रदेशांनी पक्का माल घडवावा, ही विभागणी निसर्गसिद्ध मानण्यास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात नकार दिला, तो महत्त्वाचा आहे, कारण अशी विभागणी निसर्गाइतकीच तह आणि भांडवलाचा ओघही घडवितात. आजच्या श्रमखर्चावरून उद्याचे उद्योग ठरवावेत, तर ज्या देशात कारखानाच उभा राहू दिला गेला नाही त्याचा खर्च कायम जास्तच दिसणार.