दिवाळीआधी बंबाची वाट मोकळी करा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. सोसायट्यांचे सेक्रेटरी, चाळींची मंडळे आणि गल्लीत गाडी लावणारा प्रत्येक जण, सगळ्यांना हात जोडून विनंती आहे: आपल्या दारातली बंबाची वाट याच आठवड्यात मोकळी करा. मासिक सभेची वाट पाहू नका.

मी मुंबई अग्निशमन दलातल्या एका जवानाची बायको. आम्ही फायर स्टेशनच्या आवारातच क्वार्टर्समध्ये राहतो. वर्दी आली की बेल खाली वाजते आणि वर घराघरात ऐकू येते. ज्यांचे मिस्टर त्या पाळीत असतात त्या हातातले काम टाकून गॅलरीत येतात. एकच बंब निघाला, की मागोमाग जंबो टँकर आणि शिडीची गाडीही गेली, यावरून आग केवढी असेल ते आम्ही ताडतो. आमच्या पोरांनाही ते कळते. मग फोन करायचा नाही. केला तरी आत शिरलेला माणूस तो उचलणार नसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर एक वर्दी संपेपर्यंत दुसरी येते, आणि पूजा आम्ही बायका-मुलेच उरकतो. त्याबद्दल तक्रार नाही. ही नोकरी आमच्या घराने मनापासून पत्करली आहे. माझे म्हणणे आहे ते गेटवर वाया जाणाऱ्या मिनिटांबद्दल.

बंब गल्लीच्या तोंडाशी पोहोचतो आणि आत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. मालकाचा शोध सुरू होतो. तो सापडला नाही तर जवान होज खांद्यावर घेऊन, लांबीला लांबी जोडत धावतात. शिडीच्या गाडीला नुसते आत येऊन भागत नाही. शिडी उभारण्याआधी तिला आपले पाय पसरून टेकवायला घट्ट, मोकळी जमीन लागते. त्या जागी कुंड्या, मांडव किंवा पार्क केलेली मोटार असेल तर शिडी उघडताच येत नाही. मग जिन्यानेच वर जायचे. पाठीवर श्वसनयंत्राचा सिलिंडर, अंगावर जाड कोट, हातात होज. त्या सिलिंडरमधली हवा साधारण अर्ध्या तासाची, आणि धाप लागली की ती आणखी लवकर संपते. संपत आली की शिट्टी वाजते. जी हवा आत अडकलेल्या माणसाला शोधायला वापरायची, ती जिने चढण्यातच गेली तर नुकसान त्या माणसाचे आहे आणि माझ्या घराचेही.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि ती विझवताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात गेले. भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचाही त्याच महिन्यात उपचार सुरू असताना मृत्यू झाला. दलाचा प्रमुख स्वतः आगीपाशी उभा होता आणि तोही घरी आला नाही, हे क्वार्टर्समधली कोणतीच बाई विसरलेली नाही. जुन्या मुंबईतल्या चिंचोळ्या गल्ल्या रातोरात रुंद होणार नाहीत, हे मलाही कळते. पण जिथे रस्ता पुरेसा रुंद बांधलेला आहे तिथे तो आपणच अडवतो. ते तर आपल्या हातात आहे!

इमारतीच्या आतही फिरून पाहा. रेफ्युज एरियाला कुलूप असेल तर आजच काढा. जिन्यातले चपलांचे स्टँड, सायकली, जुनी कपाटे हलवा. विजेच्या डक्टमध्ये रद्दी भरलेली असते, ती रिकामी करा. डक्ट पेटला की धूर मजल्यामागून मजला चढतो. आगीसाठीच्या पाइपात पाणी आहे का, पंप सुरू होतो का, हे वॉचमनला विचारून थांबू नका, समोर उभे राहून सुरू करायला लावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. आपल्या सोसायटीने जुलैचे दिले का, हे विचारायचा प्रत्येक रहिवाशाला हक्क आहे. कागद असेल आणि पंप बंद असेल, तर तो कागद घातकच.

आग लागलीच तर लगेच १०१ लावा. पत्ता सांगताना जवळची खूण आणि मजला सांगा, आणि एका माणसाला रस्त्यावर बंब दाखवायला उभे करा. बाहेर पडल्यावर आपापल्या घरातली माणसे मोजा. ‘आत कोणीतरी असेल बहुतेक’ एवढे ऐकले तरी जवान पुन्हा आत जातो. त्याला जायलाच हवे, आणि तो जाईलच. म्हणून खात्रीने सांगा: कोण राहिले आहे, कोणत्या खोलीत, आजी अंथरुणाला खिळलेली आहे का. सगळे सुखरूप बाहेर असतील तर तेही ठामपणे सांगा.

आणखी एक मागणे आहे. ते फक्त आम्ही घरचेच मागू शकतो. आगीचे व्हिडिओ काढून ‘जवान अडकले’ असे लिहून पुढे पाठवू नका. आमच्या इमारतीत तो मेसेज आधी मुलांच्या हातात पडतो. खरे काय ते कळेपर्यंत प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, आणि उत्तर द्यायला कोणी नसते. काही वाईट घडलेच असेल तर ते आम्हाला स्टेशनातून, आमच्या माणसांकडून कळू द्या.

आज रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एवढेच टाका: रविवारी सकाळी सगळ्यांनी खाली यायचे, बंबाच्या वाटेवरच्या गाड्या काढायच्या, त्या जागेवर पिवळे पट्टे मारायचे आणि पंप सुरू करून पाहायचा. गाडी हलवायला जे तयार नसतील त्यांच्या दारावर दोघांनी जाऊन बोला.

— अग्निशमन दलातील एका जवानाची पत्नी, मुंबई