स्वदेशी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचू द्या!

कांद्याला भाव आला की निर्यातीचे दार लावायचे आणि तेलबियांचा भाव पडला तरी आयातीचे दार सताड उघडे ठेवायचे, या धोरणास शेतकरीहिताचे म्हणावे तरी कसे? ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. डिसेंबरमध्ये निर्यातच थांबली. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण शुल्क पूर्णपणे हटण्यास एप्रिल २०२५ उजाडला. तोवर परदेशी बाजारात पाकिस्तानी कांद्याने बस्तान बसविले होते.

तेलाची कथा अधिक क्लेशदायक. १९८६च्या तेलबिया अभियानाने देशाला स्वयंपूर्णतेच्या उंबरठ्यावर नेले होते. १९९४पासून पामतेलाची आयात खुली झाली आणि आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लावले, ते योग्यच होते. मात्र मे २०२५अखेर, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणले. मग सोयाबीन उत्पादकाने कोणत्या भरवशावर पेरावे?

गरिबाला तेल स्वस्त मिळालेच पाहिजे. परंतु त्याचा भार राजकोषाने उचलावा, शेतकऱ्याने नव्हे. पेरणीपूर्वी जाहीर झालेले शुल्क हंगाम संपेपर्यंत बदलू नये, एवढीच मागणी आहे. १९७९मध्ये भारतीय किसान संघ स्थापणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींनी आपल्या विचारांच्या सरकारलाही खडे बोल सुनावले होते. तो वारसा सांगणाऱ्यांनी आज मौन बाळगणे शोभत नाही.