नव्या कळपातली मैत्रीण

मैत्रिणींनो, चिंपांझींमध्येही घर सोडते ती लेकच, हे ठाऊक आहे? ११ ते १३ वर्षांची झाली, की बहुतेक मादी आईचा कळप सोडून दुसऱ्या कळपात जाते. मुलगे मात्र जन्मभर तिथंच! नव्या ठिकाणी तिचं स्वागत कसं होतं म्हणता? युगांडातल्या किबाले जंगलात अभ्यासकांनी पाहिलं, की जुन्या माद्याच या नवख्या पोरीच्या अंगावर धावून जातात. फळांच्या झाडांत वाटेकरीण आली ना! मग ती नरांच्या आसपास राहते, भांडणात ते मध्ये पडतात. (पुढचं काही लिहायला नकोच.)

अशा ठिकाणी तिला सोबत मिळते ती कोणाची? चिंपांझींचा कळप सदैव एकत्र नसतो. दिवसभरात टोळकी फुटतात, पुन्हा जुळतात. त्यामुळे आज कोणाबरोबर हिंडायचं, कोणाशेजारी बसून अंगावरचे केस चाळायचे, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. नरांच्या दोस्तीवर अभ्यासकांनी भरभरून लिहिलं. माद्या बिचाऱ्या लेकरं सांभाळत एकट्याच फिरतात, अशी मात्र बरीच वर्षं समजूत होती. पण याच किबालेतल्या न्गोगो भागातला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आणि वेगळंच समोर आलं. तिथल्या काही माद्यांची जोडी नरांच्या दोस्तीइतकीच घट्ट होती. जनुकांची तपासणी केली, तर त्यातल्या बहुतेक जणी एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्याच!

आपल्याकडे लग्न झालं की मैत्रीण ही चैनीची गोष्ट ठरते. “घरात एवढी माणसं आहेत, बाहेरच्या कशाला हव्यात?” हे किती जणींनी ऐकलं असेल! चिंपांझी करतात म्हणून आपण करावं, असं मी म्हणणार नाही. पण घरातली माणसं आहेत म्हणजे मैत्रिणीची गरज संपली, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

युगांडातल्याच बुडोंगो जंगलात चिंपांझींची लघवी तपासून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जवळच्या सोबत्याबरोबर केस चाळून झाले, की त्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढलेलं दिसलं. बाळाला पाजताना आईच्या अंगात वाढतं ना, तेच हे. कुणातरी भलत्याबरोबर बसलं तर ते तेवढं वाढत नव्हतं. आणि सोबती रक्ताच्या नात्यातला आहे की नाही, याने काहीच फरक पडत नव्हता.